सामाईक पाण्याचा कारभार : अगरा ते बेळ्ळंदूर

होसूरकडे जाणारा रस्ता आणि सर्जापूरकडे जाणारा रस्ता यांच्या बेचक्यात बेंगळूर शहराची जी वसाहत पसरली आहे, तिला एचएसआर लेआउट म्हणतात. होसूर-सर्जापूर रोड या शब्दांची ही आद्याक्षरे. ज्या गावाचे नाव आद्याक्षरांचे आणि ज्याचे भाग सेक्टर एक ते सेक्टर सात असे आकड्यांचे, त्याला इतिहास तो काय असणार, असे बदलीवर आलेल्या मनुष्याच्या मनात सहज येते. आमच्याही मनात आले होते. बेंगळूर विकास प्राधिकरण १९७६ साली स्थापन झाले आणि पुढे १९८० नंतरच्या दशकांत त्याने शेतजमिनी घेऊन, आखून, प्लॉट पाडून ही वसाहत उभी केली. एवढेच तिचे चरित्र असावे अशी आमची समजूत होती. ती अगऱ्याच्या तलावाच्या बांधावर फिरावयास जाऊ लागल्यावर ढळली.

हा तलाव वसाहतीच्या उत्तर टोकाला आहे. विस्तार शंभर एकरांना थोडा कमी. सकाळी बांधावर माणसे चालतात, पाण्यात पाणकोंबड्या आणि बगळे असतात, पलीकडे बाह्य वळणरस्त्यावर मोटारींची रांग लागलेली असते. या अगरा गावी सापडलेला एक कानडी शिलालेख अभ्यासकांना परिचित आहे. तो गंगवंशी राजांच्या काळचा, इ. स. ८७० च्या सुमाराचा आहे. इरुगमय्या नावाच्या एका गृहस्थाने दोन तलावांना मोऱ्या बसविल्या, तिसरा तलाव नवा बांधिला आणि त्याबद्दल तिन्ही तलावांचे 'बित्तुवट्ट' त्याला मिळाले, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. बित्तुवट्ट म्हणजे तलाव बांधणाऱ्यास वा राखणाऱ्यास त्याच तलावाखालच्या भिजत्या जमिनीतून तोडून दिलेला हक्क. केंपेगौडाने १५३७ साली आपला कोट बांधण्यापूर्वी साडेसहाशे वर्षे हा व्यवहार झाला आहे. तेव्हा ज्या वसाहतीला आम्ही बिनइतिहासाची समजत होतो, तिच्या कुशीत बेंगळूर नगराहून जुना एक राज्यकारभाराचा दस्तऐवज निघाला.

दस्तऐवज हा शब्द आम्ही जाणून वापरतो. इरुगमय्याच्या दानशूरपणाचे कौतुक कोणी करावे, आमची हरकत नाही. पण आम्हांला त्या लेखात एक करार दिसतो. तलावात गाळ साचला तर मोरीतून पाणी कमी सुटणार, पाणी कमी सुटले तर पीक कमी येणार, आणि पीक कमी आले तर बित्तुवट्ट भोगणाऱ्याच्या घरातील धान्यही कमी होणार. पाण्याची काळजी आणि सत्तेचा लाभ यांची अशी गाठ मारून ठेविली होती की, एक सुटली तर दुसरी आपोआप सुटावी. तलावाकडे लक्ष द्या असे कोणाला सांगावे लागत नव्हते. गावात पाणी सोडणारा नीरगंटी होता. त्याला त्याचा वाटा ठरलेला होता, आणि कोणाच्या शेतात किती वेळ पाणी जावे हे तो ठरवी. गाळ काढण्याच्या कामाला गाव लागे. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, बलुत्याची गुलामगिरीही होती; तिचे सोनेरी चित्र रंगविण्याची आमची इच्छा नाही. परंतु पावसाचे पाणी हा तेथे राजकारणाचा विषय होता, आणि तो बारा महिने होता.

आज हवामानबदल हा राजकारणात अग्रक्रमाचा विषय कसा राहावा, याची चर्चा सर्वत्र चालू आहे. सभा होतात, करार होतात, आराखडे छापले जातात, आणि एका निवडणुकीत सारे पुसले जाते. १९९२ साली रिओ येथे राष्ट्रांचा मूळ करार झाला, २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसचा झाला; आणि त्या करारातून अमेरिका २०२० साली बाहेर पडली, २०२१ साली परत आली, व २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम तेथील अध्यक्षांनी काढला. असे येणे-जाणे पाहिले म्हणजे हा प्रश्न केवळ सदिच्छेवर सोडता येत नाही हे कळते. आम्हां मंडळींना मात्र तो दूरच्या राजधान्यांपेक्षा पायाखालच्या तलावावरून अधिक उलगडतो, म्हणून आम्ही अगरा सोडून फार लांब जाणार नाही.

तरी एकदा खानदेशात जाऊन येणे प्राप्त आहे, कारण हीच विद्या आपल्या मुलखातही होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, उसाच्या फडात ऊस तर भुसाराच्या फडात भुसार, म्हणजे पाणी एकेका वावराला न मोजता साऱ्या फडाला एकदम देता येते. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. पावसाळ्यापूर्वी पाट साफ करावयास प्रत्येक खातेदाराने माणूस पाठवावयाचा, न पाठविल्यास दंड भरावयाचा. पाण्याचे वर्ष वाईट असले तर किती फड भिजवावयाचे हे पंच ठरवीत, आणि ती तूट सर्वांनी वाटून सोसावयाची. आमच्या मते या पद्धतीचे मर्म शेवटच्या वाक्यात आहे. सुकाळात सहकार करणे कोणालाही जमते. तुटीची वाटणी आधीच ठरवून ठेविलेली असली, तर दुष्काळात भांडण कोर्टात न जाता चावडीवर मिटते.

या दोन मुलखांना जोडणारा एक मनुष्य होऊन गेला, आणि तोही आपल्याच वाचकांप्रमाणे बदलीवर गेलेला अधिकारी होता. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात एंजिनियरिंगची पदवी मिळविली, आणि १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशकास रुजू झाले. लौकरच त्यांना धुळ्याजवळ दातर्ती गावी पांझरेच्या एका ओढ्यातून नळ घालून पाणी पलीकडे नेण्याचे काम सांगण्यात आले. ऐन पावसाळा होता, ओढ्याला पूर येत होता, आणि तरुण एंजिनियरने काम पावसानंतर करावे म्हणून वर लिहिले, तेव्हा वरिष्ठांचा उलट शेरा आला. बदलीवरच्या कोणत्याही कनिष्ठ अधिकाऱ्याला तो शेरा न वाचताही पाठ असेल. काम त्यांनी पुरे केले. पुढे १८९९ साली नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक' पद्धत मांडली: कालव्याचे पाणी एखाद्या गावाच्या थोड्या बागायतदारांपुरते न ठेवता ठरलेल्या गटांत, पिकांची पाळी बांधून, अधिक गावांना द्यावयाचे. खानदेशात फड पाहिलेल्या माणसाला ती कल्पना सुचावी यात आम्हांला काही नवल वाटत नाही. मात्र तिचे मूळ फडात होते असे छातीठोकपणे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

१९०९ साली ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य एंजिनियर झाले. त्या वर्षापासून १९१२ पर्यंत संस्थानचे दिवाण होते टी. आनंदराव, म्हणजे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे गाजविणाऱ्या सर टी. माधवराव यांचे चिरंजीव, तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्यानंतर विश्वेश्वरय्या स्वतः दिवाण झाले. १६३८ साली शहाजीराजांबरोबर जी मराठी कारभारी मंडळी बेंगळुरास आली, तेव्हापासून या शहराच्या दफ्तरांत मराठी माणसाचा हात कोठे ना कोठे लागलेला आहे. ही गोष्ट आम्ही फुशारकीसाठी सांगत नाही. कारभाऱ्याच्या वारशात चुकांचाही वाटा येतो.

ती चूक आम्हांला अशी दिसते. बेंगळूर एका उंच कण्यावर बसले आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर. जवळ बारमाही मोठी नदी नाही. म्हणून एका तलावाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशा माळा तिन्ही उतारांवर गुंफल्या होत्या. १८९४ साली हेसरघट्टाहून नळाने पाणी आले. ते आटले तेव्हा अर्कावती नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण होऊन १९३३ साली त्याचे पाणी आले. १९७४ साली कावेरी आली, शंभर किलोमीटरांवरून, विजेच्या बळावर शेकडो मीटर चढविलेली. प्रत्येक योजना त्या त्या काळी आवश्यक होती, आणि ज्या एंजिनियरांनी ती केली त्यांना दोष देणारे आम्ही कोण? परंतु नळ आला आणि तलावाचा वाली गेला. पाणी दूरच्या धरणातून येऊ लागल्यावर जवळच्या तलावात गाळ साचला काय किंवा मैला साचला काय, कोणाच्या ताटातले धान्य कमी होईनासे झाले. बित्तुवट्टाची गाठ सुटली. तलाव आता पाण्याचा साठा राहिला नाही. तो एक मोकळा भूखंड झाला. धर्मांबुधी तलावावर मध्यवर्ती बसस्थानक उभे राहिले, संपंगी तलावावर क्रीडांगण. आमच्या बाजूच्या खोऱ्याला कागदोपत्री कोरमंगल-चल्लघट्ट खोरे म्हणतात. त्यातील कोरमंगलाच्या तलावावर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वसाहत झाली आणि चल्लघट्टाच्या तलावावर गोल्फचे मैदान. ज्या दोन तलावांच्या नावाने खोरे ओळखले जाते ते दोन्ही तलाव आज नाहीत. नकाशा करणाऱ्याला याचा विनोद कळला असेल की नाही, न कळे.

धोक्याची घंटा वेळेवर वाजली नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९८५ साली राज्यसरकारने एन. लक्ष्मणराव या निवृत्त प्रशासकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तलाव जसेच्या तसे राखावेत, त्यांत बांधकाम होऊ नये, सांडपाणी सोडू नये अशा तिने शिफारशी केल्या. सरकारने त्या स्वीकारल्या. त्यानंतर पुष्कळसे तलाव वनखात्याकडे सोपविले गेले. २००२ साली तलाव विकास प्राधिकरण निघाले. २००८ साली नागरिकांच्या एका संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली, न्यायमूर्ती एन. के. पाटील यांची समिती झाली. २०१४ साली नवा कायदा, नवे प्राधिकरण. २०१८ साली ते विसर्जित. दरम्यान पाणी एका खात्याचे, तळाची जमीन दुसऱ्याचे, सांडपाण्याचा नळ तिसऱ्याचा, काठचे गवत चौथ्याचे आणि फेस आला तर तो मोजण्याचे काम पाचव्याचे, अशी स्थिती झाली. फाईल हलत राहिली. पाणी हलेनासे झाले. आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी आपापल्या जिल्ह्यात अशी फाईल चालविली असेल. तिच्यावर प्रत्येकाचा शेरा बरोबर असतो आणि तरी काम चुकते.

अगऱ्याचे पाणी पुढे बेळ्ळंदूरच्या तलावात जाते. तो शहरातला सर्वांत मोठा, नऊशे एकरांच्या आसपासचा. शहराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा त्यात येई, आणि त्याच्या फेसाचे गोळे वाऱ्याने रस्त्यावर उडत. २०१५ साली त्या फेसाने पेट घेतला. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी तलावातील गवत व कचरा पेटला. १९ जानेवारी २०१८ रोजी आग अशी पसरली की ती विझविण्यास लष्कराचे जवान धावले. तलाव पेटला हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ च्या डिसेंबरात राज्यसरकारला दंड केला, पाचशे कोटी रुपये वेगळे ठेवण्यास सांगितले, आणि कामावर देखरेखीसाठी न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. न्यायालयाने ढकलले म्हणजे गाडी चालते, हा अनुभव खोटा नाही. परंतु ढकलणारा हात निघाला की ती थांबते, हाही अनुभवच.

मग २०२२ चा सप्टेंबर आला. एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस पडला. बाह्य वळणरस्ता, बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता पाण्याखाली गेले. लक्षाधीशांना ट्रॅक्टरवर बसून घराबाहेर पडावे लागले आणि नावा फिरल्या. एचएसआरच्या सखल सेक्टरांत पाणी शिरणे ही तर त्याआधीपासूनची गोष्ट. पावसाचे पाणी एका तलावातून दुसऱ्यात नेणारे जे मोठे नाले येथे 'राजकालुवे' म्हणून ओळखले जातात, त्यांवर इमारती आल्या होत्या. महिनाभर बुलडोझर चालले, वर्तमानपत्रांत नकाशे छापून आले, आणि पावसाबरोबर चर्चाही ओसरली. २०२४ च्या मार्चात चित्र उलटे. कूपनलिका हजारोंनी आटल्या, टँकरचे दर सरकारला बांधून द्यावे लागले, पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी झाली. तेव्हा प्रत्येक पक्षाच्या तोंडी पाणी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहराला मिसळलेल्या ११० खेड्यांसाठी. आणि तो विषय पुन्हा मागे पडला.

महापुराच्या आणि टंचाईच्या या दोन वर्षांमध्ये, २७ नोव्हेंबर २०२३ रोजी, बेंगळूर महानगरपालिकेने आपला हवामान-कृती आराखडा प्रसिद्ध केला होता. २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, हे त्याचे उद्दिष्ट. मुंबईने असाच आराखडा मार्च २०२२ मध्ये केला होता. दोन्ही शहरे जगातील मोठ्या शहरांच्या 'सी-४०' नावाच्या मंडळात आहेत, आणि त्या मंडळाचा गुण हा की राष्ट्राचे सरकार करारातून बाहेर पडले तरी शहर आत राहू शकते. अमेरिकेतील कित्येक शहरांनी तसे केले. पण बेंगळूरच्या आराखड्याची एक नड कोणी बोलत नाही. तो प्रसिद्ध झाला त्या दिवशी शहराला नगरसेवकच नव्हते. निवडलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली होती आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आणि त्यांवर एक बृहत् प्राधिकरण आले. आम्ही स्वतः कारभारी वर्गातले आहोत, म्हणून स्पष्ट सांगतो: अधिकारी आराखडा चांगला करू शकतो, पण तो विषय राजकारणात जिवंत ठेवू शकत नाही. त्याची बदली होते. ज्याला पुन्हा त्याच वॉर्डात मते मागावयाची आहेत, त्यालाच गाळाची आठवण ठेवावी लागते.

असे असता या वसाहतीत काही गोष्टी नगरसेवकाविनाही टिकल्या, आणि त्या कशा टिकल्या हे पाहण्यासारखे आहे. २०१२ साली शहराचा कचरा घेण्यास भोवतालच्या खेड्यांनी नकार दिला. मावळ्ळीपुराने फाटक बंद केले, आणि मंडूरने २०१४ मध्ये. उच्च न्यायालयाने ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. एचएसआरच्या रहिवाशांनी ते केवळ हुकूम म्हणून घेतले नाही. घरोघर व बागांतून खत करण्याची खटपट केली, आणि येथील 'स्वच्छाग्रह कलिका केंद्र' या ठिकाणी खताचे नाना प्रकार मांडून ठेविले आहेत, ते शिकण्यास इतर भागांतून माणसे येतात. दुसरी बाजूही आहे. याच वसाहतीच्या दक्षिण कडेला १९७० नंतरच्या दशकापासून सरकारी खतकारखाना आहे. शहराचा कचरा त्यावर अधिक लोटला तेव्हा दुर्गंधी सुटली, शेजारच्या सोमसुंदरपाळ्याच्या तलावाची काळजी लागली, आणि रहिवाशांनी तो बंद करण्यासाठी आंदोलने केली. आपल्या कचऱ्याचे खत व्हावे पण दुसऱ्याच्या अंगणात, हा मोह सुशिक्षितालाही सुटत नाही. तरी त्या भांडणातूनच एक समज आली: ज्या घराने कचरा वेगळा केला त्याचा बोजा कोणाच्याही अंगणात पडत नाही. ओला कचरा कुजत ठेविला की मिथेन वायू निघतो, आणि हवा तापविण्यात तो कर्बवायूहून कितीतरी जहाल असतो. म्हणजे सेक्टरातल्या कुंडीचे आणि पॅरिसच्या कराराचे नाते फार दूरचे नाही.

याहून मोठा प्रयोग २०१८ साली सुरू झाला. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून ते कोलार जिल्ह्यातील सव्वाशे तलावांत नेण्याचे ठरले. कोलार म्हणजे दुष्काळाचे माहेर. विहिरी हजार-हजार फुटांवर गेलेल्या. प्रारंभीच पाण्याबरोबर फेस गेला, शेतकरी न्यायालयात गेले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. शुद्धीकरण दुसऱ्या पायरीवर थांबते, तिसऱ्या पायरीपर्यंत जावे, ही त्यांची मागणी आम्हांला रास्त वाटते. परंतु योजनेत एक जुनी गोष्ट नव्याने आली आहे. शहराने आपले पाणी घाण सोडले तर आता ते कोणा शेतकऱ्याच्या तलावात दिसते, आणि त्या शेतकऱ्याला मत आहे, आमदार आहे, वकील आहे. आठशे सत्तर सालच्या त्या लेखात जी गाठ होती, तिच्या जातीची ही गाठ आहे. फक्त वरच्या गावाऐवजी खालचे गाव राखणदार झाले आहे. तळ्यांत पाणी आले तशा कोलारच्या आटलेल्या विहिरी व कूपनलिका काही ठिकाणी भरू लागल्या. ज्यांचे पाणी वाढले तेच त्या पाण्याच्या शुद्धतेसाठी सर्वांत कडक भांडत आहेत, आणि बेंगळूरच्या मैलाशुद्धीकेंद्रांवर इतके बारीक लक्ष ठेवणारा पहारेकरी कोणत्याही समितीला नेमता आला नसता.

बेळ्ळंदूरचा गाळ काढण्याचे काम लवादाच्या हुकुमानंतर सुरू झाले आणि मुदती वाढत वाढत चालले. सांडव्यावरून पडणारे पाणी वर्तूरच्या तलावात जाते, तेथून दक्षिण पिनाकिनीत, आणि सीमा ओलांडून तामिळनाडूत होसूरजवळच्या केळवरपळ्ळी धरणात. तेथील शेतकरी फेस आला की तक्रार करतात. आम्ही राहतो त्या वसाहतीचे नाव ज्या होसूरवरून पडले तेच हे गाव. अगऱ्याच्या बांधावर या आठवड्यात पावसापूर्वीची साफसफाई चालू आहे. सांडव्याच्या तोंडाशी अडकलेली जलपर्णी काढून माणसे काठावर तिचे ढीग लावीत आहेत, आणि फिरावयास आलेल्यांपैकी दोघे-तिघे पायांतील वहाणा काढून त्यांच्या हाताला हात लावीत होते.